ओळखीचा ठप्पा

लखनौच्या चौकात एक कारखानदार राहत होता. त्याच्या चिकनकामाचं नाव दूरदूर होतं. कारखाना म्हणावा असं त्याच्याकडे काही नव्हतंच. एक ओसरी, एक मुनीम आणि हिशेबाच्या वह्या, एवढाच पसारा. खरा कारखाना शहराच्या गल्ल्यांत आणि काकोरी-मलिहाबादच्या बाजूच्या खेड्यांत, बायकांच्या मांडीवर पसरलेला होता. शिंपी कुर्ता बेतायचा, छिपी लाकडी ठप्प्याने त्यावर निळीत वेलबुट्टी उठवायचा आणि मग ते कपडे गठ्ठे बांधून घरोघर जायचे. एका घरी बखियाचा टाका भरला जायचा, दुसऱ्या घरी मुर्री आणि फंद्याचा, तिसऱ्या घरी जाळी. जाळी म्हणजे कापडातला एकही धागा न तोडता, सुईने धागे बाजूला सारून पाडलेली नक्षी. तसा हात असलेली बाई सगळ्या मोहल्ल्यात एखादीच सापडते. सगळ्यात शेवटी गोमतीकाठचा धोबी. तो भट्टीत उकळून, दगडावर आपटून निळीची रेघ घालवायचा, तेव्हा कुठे पांढऱ्यावरचं पांढरं काम उजळायचं.

या कामाची एक रीत होती. भरणारी बाई छापलेल्या रेघेवर सुई चालवते. रेघ कोणी उठवली, हे ती विचारत नाही. विचारायची वेळच येत नाही, कारण गठ्ठ्याच्या फडक्यावर कारखानदाराचा ठप्पा असतो. ठप्पा ओळखीचा, तर काम घरचं. गल्लीच्या तोंडाशी बसलेला पहारेकरीही तोच ठप्पा बघून गठ्ठा आत सोडायचा. दिवसाला शेकडो गठ्ठे. प्रत्येकाची गाठ सोडून बघायचं म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत एकही घरी पोचला नसता.

एकदा त्या शहरात एक ठग आला. त्याच्याजवळ कापड नव्हतं, सुई नव्हती, माणसं नव्हती. होता तो एक लहानसा ठप्पा, वाकड्या देठाच्या पानाचा. कसा कोण जाणे, तो एका घरात शिरला आणि तिथे पडलेल्या कोऱ्या कापडावर त्याने आपलं पान उठवलं. घरातली बाई सवयीने बसली आणि भरू लागली. एक पान, दहा पानं, शंभर पानं. तिचं स्वतःचं काम कोपऱ्यात पडून राहिलं. डोळे लाल झाले, बोटांना भोकं पडली, आणि तरी सुई थांबेना, कारण समोर रेघ होती.

ही लबाडी लवकरच उघडकीस आली. कारखानदाराने वाकड्या पानाचं चित्र काढून प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी लावलं. पहारेकऱ्यांना ते पाठ झालं. उघड्यावर तसं पान दिसलं की माल तिथेच जप्त. लोकांना वाटलं, संपला ठग.

पण घरांमागून घरं वाकडी पानं भरतच राहिली. पहारेकरी शपथ घेऊन सांगायचे की आमच्या समोरून एकही पान गेलं नाही, आणि ते खरं बोलत होते. ठग आपला माल आता त्याच घरातल्या फडक्यात बांधत होता. फडकं अस्सल, त्यावरचा ठप्पा अस्सल. खोटं काही होतं ते आत होतं.

कारखानदार हबकला. त्याने हुकूम काढला, आजपासून एकही गठ्ठा कुठल्याच घरातून हलणार नाही. ठगाचं जाणंयेणं थांबलं खरं, पण मुर्री झालेले कुर्ते जाळीवालीकडे पोचेनात, छापलेलं कापड छिप्याकडेच पडून राहिलं, आणि आठवडा संपायच्या आत कितीतरी घरांच्या चुली विझल्या. ठगाने केलं नव्हतं तेवढं नुकसान या हुकमाने झालं.

तेव्हा घाटावरचा म्हातारा धोबी ओसरीवर आला. बिरादरीत त्याला सगळे चौधरी म्हणत.

“लालाजी,” तो म्हणाला, “पहारेकऱ्यांना बोल लावू नका. त्यांना पान ओळखता येतं, फडक्याआडचं कसं दिसणार? ठप्पा खरा असला म्हणून आतला माल खरा ठरत नाही, एवढंच आपण सगळे विसरलो होतो. आणि गठ्ठे बंद करून काय साधलंत? ज्या वाटेने चोर जातो, त्याच वाटेने आपली भाकरी येते. ती वाट मोडली तर चोराच्या आधी आपण मरू.”

“मग करू काय, चौधरी?”

“फडकं कुठे सुटतं ते बघा. वाटेवर ते सुटत नाही. सुटतं दोनच ठिकाणी. एक, बाई घरात बसून गाठ सोडते तिथे. दुसरं, माझ्या घाटावर. मी फडकी काढून भट्टीत टाकतो आणि उघडा माल धुतो. तिथून तो कुठे कुठे जातो, मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. नदीकाठी माणूस बसवा आणि घराघरातल्या बायकांना ते पान शिकवा. गल्लीच्या तोंडाशी कितीही पहारे वाढवलेत तरी हे काम व्हायचं नाही.”

तसं केलं गेलं. गठ्ठे पुन्हा फिरू लागले. एका गल्लीत एक खाला, म्हणजे मावशी होती, नजर अधू झालेली. तिने गाठ सोडली, कापडावरून हात फिरवला, शेजारणीने देठाचा बाक सांगितला, आणि खालाने सुई परत पिनकुशनमध्ये टोचून ठेवली. त्या घरात ठगाचं एकही पान भरलं गेलं नाही.

गोष्ट कल्पित आहे. ठग मात्र खरा आहे, आणि तो ज्या घरांत शिरतो ती घरं आपल्या यकृतात आहेत.

त्याचं नाव हिपॅटायटिस ई, काविळीचा एक विषाणू. 1990च्या डिसेंबरपासून 1991च्या एप्रिलपर्यंत लखनौपासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवरच्या कानपुरात काविळीची साथ पसरली. लखनौच्या संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्थेतल्या डॉ. एस. आर. नाईक, डॉ. राकेश अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा माग काढला. त्यांचा अभ्यास 1992 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. त्यांच्या अंदाजाने सुमारे 79 हजार माणसं आजारी पडली होती. कारण होतं गंगेचं दूषित पाणी.

त्याआधी 1955-56 मध्ये दिल्लीत असंच घडलं होतं. पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचं घाण पाणी वजीराबादच्या पंपांपाशी आलं. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढवलं. त्याने टायफॉइड आणि हगवण आटोक्यात राहिली, पण कावीळ 29 हजारांहून जास्त लोकांना झाली. ती ओळखीच्या हिपॅटायटिसची नसून एका नव्याच विषाणूची होती, हे कळायला पुढे पाव शतक लागलं, तेही त्या वेळी जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांमुळे. ते नमुने ज्यांनी फेकून दिले नाहीत, त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

हा विषाणू आकाराने क्षुल्लक असतो. प्रथिनाचं एक कवच आणि आत सुमारे 7,200 अक्षरांची आरएनएची एक पट्टी. एवढ्यावर त्याचा संसार. यकृताची पेशी ही पट्टी वाचते आणि तिच्यावर लिहिलंय ते बनवत सुटते. लिहिणारा कोण, हे पेशी विचारत नाही. तिच्या यंत्रणेत तशी सोयच नाही.

आता राहिलं फडकं. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी सतत इवल्या पिशव्या बाहेर सोडत असते. त्यांना बाह्यपेशीय पुटिका म्हणतात, आणि त्यांतल्या एका जातीला एक्सोसोम. एक्सोसोमचा व्यास साधारण 30 ते 150 नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या अंतरात असे हजारो शेजारी शेजारी बसतील. त्यांचं आवरण पेशीच्या स्वतःच्या पटलाचं असतं आणि आत प्रथिनं, मेद, आरएनएचे तुकडे असतात.

1983 साली माँट्रियलमध्ये रोझ जॉनस्टन यांनी मेंढीच्या, आणि सेंट लुईसमध्ये फिलिप स्टाल व क्लिफर्ड हार्डिंग यांनी उंदराच्या अपक्व लाल पेशी तपासताना या पिशव्या पाहिल्या. पेशी मोठी होताना नको झालेलं प्रथिन बाहेर टाकते, असा तेव्हा अर्थ लावला गेला. ‘एक्सोसोम’ हे नाव जॉनस्टन यांनी 1987 मध्ये वापरलं, पण बरीच वर्षं बहुतेकांच्या लेखी तो पेशीचा केरकचराच राहिला. 1996 मध्ये असं दिसलं की प्रतिकारशक्तीच्या बी-पेशी अशा पिशव्यांमधून शत्रूच्या खुणा इतरांना दाखवतात. 2007 मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की त्यांत आरएनए असतं आणि ते दुसऱ्या पेशीत जाऊन कामालाही लागतं. ज्याला कचरा म्हटलं ती पेशींची आपसातली देवघेव निघाली. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. आपलं शरीर आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त बोलघेवडं आहे.

आणि जिथे देवघेव, तिथे ठग.

यकृताच्या पेशीत तयार झालेला हिपॅटायटिस ईचा विषाणू एका छोट्या प्रथिनाच्या मदतीने पेशीची पिशव्या भरण्याची यंत्रणा पकडतो. पेशी जिथे आपल्या पुटिका बांधते त्याच कोठारात तो शिरतो आणि पेशीच्याच पटलात गुंडाळून बाहेर पडतो. जपानमधल्या जिची वैद्यकीय विद्यापीठात हिरोआकी ओकामोतो यांच्या गटाने हे उलगडलं. त्याच्याच स्वभावाच्या, पण वेगळ्या कुळातल्या हिपॅटायटिस एबद्दल अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या गटाने 2013 मध्ये हेच दाखवलं. त्याआधी पाठ्यपुस्तकं या दोन्ही विषाणूंना ‘आवरण नसलेले’ म्हणत. ते चूक म्हणता येणार नाही, पण अर्धंच खरं होतं. कारण रक्तात वाहणारा विषाणू पांघरलेला असतो आणि विष्ठेत सापडणारा उघडा.

असं का, तर यकृताच्या पेशीला दोन तोंडं असतात. एक रक्ताकडे, दुसरं पित्ताच्या बारीक नळ्यांकडे. रक्ताच्या बाजूने निघालेला विषाणू पेशीचं पटल अंगावर घेऊन हिंडतो. कवचाविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड रक्तात हजर असले तरी त्यांना पकडायला वर काहीच सापडत नाही. पित्ताच्या बाजूने गेलेल्याचं पटल मात्र पित्त विरघळवून टाकतं. तो उघडा होतो, आतड्यात उतरतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. उघडा म्हणून दुबळा, असं इथे नाही. बाहेरच्या पाण्यात त्याचं प्रथिनाचं कवच भक्कम टिकतं, आणि नव्या पेशीला चिकटण्यात तर तो पांघरलेल्यापेक्षा चपळ असतो. शरीराच्या आत लपण्यासाठी एक वेश, शरीरांमधला प्रवास करण्यासाठी दुसरा. माणसाला काविळीची लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच तो असा बाहेर पडू लागतो. घरच्यांना काही कळायच्या आत तो नाल्याला लागलेला असतो.

पांघरलेला विषाणू नव्या पेशीत शिरला की त्याला पांघरूण काढावंच लागतं. ते पेशीच्या आत, तिच्या पाचक कप्प्यांत उतरतं. हिपॅटायटिस एच्या बाबतीत असं दिसलं आहे की पेशीच्या आत पोचलेले प्रतिपिंड त्याला याच घडीला गाठू शकतात. हिपॅटायटिस एचा संपर्क होऊन गेल्यावर, थोड्या दिवसांच्या आत दिलेली लस किंवा प्रतिपिंडांचं इंजेक्शन उपयोगी पडतं, हे डॉक्टरांना अनुभवाने माहीत होतं. ते कसं शक्य होतं, याचं उत्तर बहुधा इथे आहे. वाटेवर निसटलेला चोर उंबऱ्याच्या आत सापडतो.

प्रत्येक आजारात पिशवीतून चोरच जातो असं नाही. कधी नुसता निरोप जातो आणि तोच घातक ठरतो. डेंगीत, ज्याची दहशत लखनौला पावसाळा सरताना दरवर्षी असते, विषाणूने चेतवलेल्या प्लेटलेट पेशी अशा पुटिका सोडतात आणि त्या पांढऱ्या पेशींना भडकवून दाह वाढवतात. पूर्व उत्तर प्रदेशाने ज्या मेंदूज्वराने इतकी मुलं गमावली, त्या जपानी मेंदूज्वरावर मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात काम झालं. तिथे दिसलं की विषाणू लागलेल्या मेंदूतल्या रक्षक पेशी आपल्या एक्सोसोममध्ये काही विशिष्ट सूक्ष्म आरएनए भरून पाठवतात, आणि ते पोचल्यावर शेजारच्या चेतापेशी मरू लागतात. रक्षणासाठी नेमलेल्या पेशींकडून हे व्हावं, हे वाचून मन खिन्न होतं.

मग या पिशव्याच बंद करणारं औषध का देऊ नये? प्रयोगशाळेत पुटिकांचं सुटणं कमी करणारी रसायनं आहेत आणि अभ्यासासाठी ती वापरलीही जातात. पण त्याच पिशव्यांमधून प्रतिकारशक्तीचे इशारे जातात, जखमा भरण्याचे निरोप जातात. सरसकट बंदी म्हणजे लालाजीचा तो हुकूम. म्हणून शास्त्रज्ञ आता वेगळा विचार करत आहेत. विषाणू कोठारात शिरताना पेशीच्या ज्या प्रथिनाचा हात धरतो, तेवढाच हात सोडवता येईल का, हे ते शोधत आहेत. ते साधलं तर फार मोठं काम होईल, पण आज गरोदर असलेल्या बाईला त्याची वाट बघता येणार नाही.

तिचा उल्लेख मुद्दाम करतो आहे. हिपॅटायटिस ई बहुतेकांना काही आठवड्यांनी सोडून जातो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र तो काळ होऊन येतो. त्या अवस्थेत लागण झालेल्यांपैकी 20 ते 25 टक्के स्त्रिया दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कावीळ ‘आपोआप उतरते’ असं आपण सहज बोलून जातो. त्या बोलण्यात ही बाई धरलेली नसते.

तिच्यासाठी पहारा बसवायचा तो पाण्यापाशी. विषाणू उघडा सापडतो आणि कुठल्याही प्रतिपिंडाची मदत लागत नाही, अशी जागा म्हणजे सांडपाणी. ते शुद्ध करून मगच नदीत सोडायचं, पिण्याच्या पाण्याची नळवाहिनी गटाराच्या शेजारून न्यायची नाही, फुटली असेल तर तिच्यात घाण ओढली जाण्याआधी दुरुस्त करायची. ही कामं नगरपालिकेची, आणि ती झाली की नाही हे विचारणं आपलं. घरात पाणी खळखळून उकळून घेणं आपल्या हातात आहे. लसही आहे. चीनमध्ये 2011 साली तिला परवानगी मिळाली, आणि 2022 मध्ये दक्षिण सुदानमधल्या बेंटियू इथल्या छावणीत साथ आवरण्यासाठी ती गरोदर स्त्रियांसकट हजारोंना दिली गेली. आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती नाही. ज्या देशाने दिल्ली आणि कानपूर सोसलं, तिथे तिच्यावर गंभीरपणे बोलणं व्हायला हवं, असं मला वाटतं.

आणि तोवर एवढं तरी. लखनौभोवतीच्या अवधच्या खेड्यांत काविळीवर गळ्यात माळ घालतात, झाडफूक करतात. आपल्याकडे नाकात थेंब सोडतात, मनगटावर डाग देतात. साध्या काविळीत रोगी आपोआप बरा होतो आणि श्रेय माळेला मिळतं. पण दिवस गेलेल्या बाईचे डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, किंवा ती असंबद्ध बोलू लागली, तर माळ-डाग सगळं बाजूला ठेवून तिला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावं, रात्र असली तरी.